कूपन, इतवारी आणि माझी भाव लिहायची वही

"कुठून शोधते गं तू हे कूपनचे कोड?" असं मला आजकाल जो तो विचारतो, बिल्डिंगमधल्या काकूंपासून ते पुण्याच्या नणंदेपर्यंत, आणि खरं सांगू का, कोड शोधणं हे त्यातलं सगळ्यात बिनडोक काम आहे. कोड किराण्याच्या अ‍ॅपमध्येच असतो. पैसे भरायच्या आधी कूपनची एक बारीकशी पट्टी असते, तिच्यावर बोट ठेवलं की सगळी यादी उघडते, पण लोक घाईत खालचं मोठं बटण दाबून मोकळे होतात. अवघड काम दुसरंच आहे. ज्या वस्तूवर आपल्याला वीस टक्के सूट मिळतेय ती एरवी कितीला मिळते हे माहीत पाहिजे. ते माहीत नसेल तर वीस टक्के कशाचे?

म्हणून माझ्याकडे एक वही आहे. फोनमध्ये नाही, साधी लांबट वही, फ्रिजवर पडलेली असते आणि तिला एक पेन दोऱ्याने बांधलेला आहे कारण आमच्या घरात पेन टिकत नाहीत. एकेका वस्तूला एकेक पान. तूर डाळ, तांदूळ, फल्लीदाणे (शेंगदाणे), सोयाबीन तेल, चहापत्ती, कपड्याची पावडर, टूथपेस्ट असं. तारीख, कुठून घेतलं, वजन, दिलेले पैसे, आणि शेवटच्या रकान्यात किलोला काय पडलं ते. नवरा हसतो, म्हणतो तू इतवारीत, आमच्या नागपूरच्या जुन्या बाजारात, गादीवर बसायला पाहिजे होती. हसू दे. हा शेवटचा रकाना नसला तर बाकीची वही रद्दी आहे, कारण कंपन्या भाव वाढवत नाहीत, वजन कमी करतात. दहाचं बिस्किट दहालाच मिळतं, पण पुडा हातात घेतला की हलका लागतो. आता तर पाकिटावर एमआरपीच्या शेजारी एका ग्रॅमचा किंवा एका मिलिलिटरचा भाव पण छापलेला असतो, कायद्यानेच छापावा लागतो, फक्त अक्षरं इतकी बारीक की सासूबाईंचा चष्मा मागावा लागतो. तो आकडा बघायची सवय लावा. मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतं हा गैरसमज पहिल्याच महिन्यात निघून जाईल. शाम्पूचं बघा, बऱ्याच ब्रँडच्या छोट्या पुड्या बाटलीपेक्षा मिलिलिटरला स्वस्त पडतात, म्हणजे बाटलीवर पंधरा टक्क्यांचं कूपन लावून आपण खूश होतो आणि शेजारच्या दुकानात लटकलेली पुड्यांची माळ तरी स्वस्तच असते.

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलला तेव्हा ही वही मला अर्धी नव्याने लिहावी लागली. साबण, टूथपेस्ट, शाम्पू, केसांचं तेल, बिस्किटं हे सगळं १८ वरून ५ टक्क्यांवर आलं, तूप, लोणी, शेव-चिवडा १२ वरून ५ वर. त्याच दिवाळीत सगळीकडे 'महाबचत' लागली होती आणि माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणी सांगत होत्या की अमुक ठिकाणी टूथपेस्टवर दहा टक्के सूट मिळाली. अगं, पण १८ चे ५ झाले म्हणजे ११८ ची वस्तू १०५ ला यायला पाहिजे, ते अकरा टक्के तसेच कमी झाले, मग तुझी दहा टक्के सूट नक्की कुठल्या भावावर होती? जुन्या एमआरपीवर असेल तर ती सूट नाहीच, टॅक्स कमी झाला तोच तुला कूपन म्हणून दिला. जुना भाव वहीत होता म्हणून मला हे कळलं, डोक्यात कुणाला टूथपेस्टचा भाव राहतो?

आता मेन गोष्ट, किमान बिल. सगळी कूपनं तिथेच अडकवतात. समजा तुमच्या लागणाऱ्या सामानाचं बिल ६१२ झालं आणि वर लिहिलंय ७९९ च्या बिलावर १०० सूट. अजून १८७ चं सामान टाकायचं म्हणजे १०० वाचणार. बिल ६९९. म्हणजे तुम्ही आधीपेक्षा ८७ जास्त देऊन १८७ चं सामान घरी आणलं. आता ते १८७ चं सामान म्हणजे काय, सगळा प्रश्न इथे आहे. त्यात साबण, भांड्यांची घासणी, टूथपेस्ट असेल तर सरळ शंभरचा फायदा झाला, कारण ते पुढच्या महिन्यात घ्यायचंच होतं. त्यात चिप्स आणि ते कोरियन नूडल्स असतील तर ८७ गेले, पोट्टे खूश झाले एवढंच. म्हणून माझ्या वहीच्या मागच्या पानावर मी एक भरतीची यादी ठेवते, न सडणाऱ्या, मुदत न संपणाऱ्या आणि लागणारच अशा वस्तूंची. मीठ, आगपेटी, अगरबत्ती, कचऱ्याच्या पिशव्या, अंगाचा साबण, फिनाइल. बिल कमी पडलं की फक्त त्या यादीतून उचलायचं. यादीत नसलेलं काही टाकावंसं वाटलं तर अ‍ॅप बंद करून भांडी घासायला जायचं, परत येईपर्यंत इच्छा गेलेली असते.

बँकेच्या कार्डाची सूट याच्या उलट असते. तिथे वरची मर्यादा बघायची. दहा टक्के सूट, जास्तीत जास्त १५०, असं असलं की १५०० पर्यंतच दहा टक्के, तीन हजारांचं सामान भरलं तर ते पाच टक्के झाले. अशा वेळी दोन बिलं करा, एक स्वतःच्या कार्डावर, एक नवऱ्याच्या, कारण बहुतेक वेळा एका कार्डाला एकदाच मिळते. पण क्रेडिट कार्डाचं बिल वेळेवर पूर्ण भरत असाल तरच हं. व्याज लागलं तर सगळ्या कूपनांची कमाई एका महिन्यात जाते.

आणि पैसे भरायच्या आधी बिल शेवटपर्यंत खाली सरकवून वाचा. एका अ‍ॅपवर मला टोपल्यात न टाकलेली देणगी लागून आली, छोटीच रक्कम होती, चांगल्या कामासाठी असेलही, पण मला विचारलं कुणी? वरून हँडलिंग चार्ज, पाऊस पडत असला तर पावसाचा चार्ज, छोट्या ऑर्डरचा चार्ज. म्हणजे वर ६० वाचवले म्हणून फटाके उडतात स्क्रीनवर आणि खालून ३५ काढून घेतात. याला डार्क पॅटर्न म्हणतात, ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नियम काढले, त्यात असे १३ प्रकार दिलेत. टोपलीत गुपचूप वस्तू टाकणं, शेवटच्या क्षणी चार्जेस दाखवणं, 'फक्त ४ मिनिटं उरली' असं खोटं घड्याळ लावणं, हे सगळं त्यात येतं. तक्रार करायची असेल तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. मी त्या देणगीसाठी अ‍ॅपच्याच चॅटवर भांडले, पैसे परत आले, माफी नाही आली.

आमच्या सासूबाईंना या कोडबिडचं काही कौतुक नाही कारण त्यांनी खरी कूपनं जमवलीत. पेपरमध्ये रोज एक चौकोन छापून यायचा, तो कापायचा आणि नंबर बघून एका मोठ्या कागदावर चिकटवायचा. एक दिवसाचं जरी चुकलं तर अख्खी मेहनत वाया, म्हणून मोहल्ल्यात अदलाबदल चालायची, "माझ्याकडे सतरा नंबरचं डबल आहे, तुमच्याकडे बावीस आहे का?" डिंक नसला तर भाताची शितं लावायची आणि मग झुरळं तो कागद खायची. नागपूरच्या महाल भागात राहायचे तेव्हा ते सगळे. कागद भरला की जमा करायला लाइन लावायची आणि मिळायचं काय, तर एक प्लास्टिकचा डबा नाहीतर लकी ड्रॉचं तिकीट. तो एक डबा अजून आहे आमच्याकडे, त्यात मी हिंग ठेवते. मी म्हटलं "आई, एवढ्या डब्यासाठी?" तर म्हणाल्या, "डब्यासाठी नाही गं, पेपर तर येतच होता ना घरी." बघा, माझ्या भरतीच्या यादीचं लॉजिक त्यांना तेव्हाच माहीत होतं.

अमेरिकेतलं कूपन वेगळं असतं, त्याचे व्हिडिओ बघून इकडे कुणी हुरळून जाऊ नका. तिकडे कंपनी पेपरमध्ये कूपन छापते, दुकानदार ते घेऊन तेवढे पैसे बिलातून कमी करतो आणि नंतर कंपनीकडून वसूल करतो, वर त्या कूपनाच्या हाताळणीचे थोडे सेंट पण त्याला मिळतात. वर काही दुकानं त्या कूपनाची किंमत दुप्पट धरायची, म्हणून बायका ट्रॉली भरून सामान जवळजवळ फुकट न्यायच्या. आपल्याकडे कंपनी तेच पैसे दोन रस्त्यांनी सोडते. एक म्हणजे पाकिटावर 'यासोबत अमुक फ्री', आणि दुसरा रस्ता गिऱ्हाइकाला दिसतच नाही, तो म्हणजे दुकानदाराला मिळणारी स्कीम. बारा घेतले की एक फ्री, पेटी उचलली की अमुक टक्के.

हे दुसरं कळलं तेव्हापासून मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात सरळ विचारते, "भाऊ, पावडरवर काय स्कीम चालू आहे?" पहिल्यांदा भाऊ असे बघायला लागले की मी इन्कम टॅक्समधून आले. मग हसले आणि म्हणाले, "ताई, महिन्याची चिठ्ठी इथेच द्या, बघतो." आता महिन्याची यादी दिली की एमआरपीपेक्षा कमीच लावतात, कारण एमआरपी म्हणजे जास्तीत जास्त किंमत, तेवढीच घ्यायची अशी कुठे सक्ती आहे? सुटं एकेक सामान आणायला गेलात तर कुणी कमी करणार नाही, आणि का करावं? यादी मोठी पाहिजे आणि पैसे लगेच द्यायचे, उधारी असली की स्कीम विसरा. आणखी एक, पाकिटावर फ्री लिहिलेलं असेल आणि सोबत ती वस्तू नसेल तर मागून घ्या. एका दुकानात (हे नाही, दुसऱ्या) चहापत्तीसोबतची बरणी वेगळी काढून शेल्फवर विकायला ठेवलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीये.

नवरा मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या भागात, कामाला आहे, त्याला कंपनीकडून मील कार्ड मिळतं. नाव बदलून प्लक्सी झालं पण घरात अजून सोडेक्सोच म्हणतात. आधी कागदी कूपनांचं बुक असायचं, आता कार्ड. हे फक्त खाण्यापिण्याच्या वस्तूंनाच चालतं, साबण-पावडरीला नाही, त्यामुळे मॉलमध्ये किंवा डीमार्टमध्ये गेलं की बिलाचे दोन भाग करायला सांगायचे, खाण्याचं या कार्डावर आणि बाकीचं बँकेच्या कार्डावर. जिथे घ्यायचंय तिथे हे कार्ड चालतं का ते मात्र आधी विचारून घ्या. बऱ्याच जणांचे पैसे त्या कार्डात तसेच पडून असतात आणि घरी तेलासाठी खिशातून पैसे जातात, याला काय म्हणावं?

पण एवढं सगळं करून झाल्यावर सुद्धा वही काय सांगते माहितीये? डाळ, तांदूळ, फल्लीदाणे, मसाले या पानांवर कूपनवालं एकही बिल सगळ्यात स्वस्त नाही. तिथे इतवारीच जिंकते. कूपन चालतं ते कंपनीच्या मालावर, कारण तो माल सगळीकडे सारखा. तांदळाचं तसं नाही. आमच्याकडे जय श्रीराम जातीचा लागतो, कधी एचएमटी, जो दादाजी खोब्रागडेंनी चंद्रपूर जिल्ह्यात नांदेड गावच्या आपल्या शेतात शोधून काढला. अ‍ॅपवर तांदळाचं 'प्रीमियम' पाकीट येतं त्यात नवा की जुना हेच कळत नाही.

इतवारीत कसं, पोत्याच्या तोंडाशी तांदूळ उघडा असतो. मी मागच्या वेळी विचारलं, "जुना आहे का भाऊ?" तर त्याने एक मूठ घेऊन रद्दीच्या कागदावर पसरली, "हाव ताई, वर्षाचा जुना, वास घ्या, दाताखाली घेऊन बघा." नवा दाणा दाताखाली चिकट लागतो, जुना कट्कन तुटतो. कणी किती ते कागदावर दिसतंच. डाळीचं पण तसंच, फटका तूर बघताना हात घालून खालची डाळ वर काढायची, वरची नेहमी चांगलीच असते. हे सगळं बघून मग भाव. आणि भाव कमी करायला मी कधी भांडत नाही, पुढच्या दुकानाकडे नुसती वळते.

टॅक्सचं पण आहे तिथे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅक करून लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर ५ टक्के जीएसटी लागतो, सुट्या मालावर नाही. २५ किलोच्या वरच्या पाकिटावर पण नाही, म्हणूनच बाजारात २६ किलोच्या बॅगा निघाल्या. लोकांना वाटतं एक किलो जास्त दिला, व्यापाऱ्याने प्रेमाने. प्रेम नाही हो, हिशेब आहे, पण फायदा आपला पण आहे, दोन घरांनी मिळून एक बॅग घ्यायची आणि घरी येऊन वाटून घ्यायची. आम्ही मनीषनगरहून गाडी काढत नाही, इतवारीत पार्किंग मिळणं म्हणजे लग्नाचं स्थळ मिळण्यासारखं आहे. मेट्रोने सीताबर्डी, तिथे गाडी बदलून चितार ओळी चौक, पुढे ई-रिक्षा. बॅग असेल त्या दिवशी येताना ऑटो. ते ऑटोचं भाडं पण मी किलोच्या भावात धरते, नाहीतर मग वही कशाला लिहायची.

भाजीवर कूपन लावू नका एवढंच सांगते. सांबार, म्हणजे कोथिंबीर, फुकट म्हणून देतात अ‍ॅपवर आणि ढेमसं दुप्पट भावाने लावतात, वर पन्नीत घाम फुटलेली असतात. आठवडी बाजारात रात्री उशिरा गेलं की उरलेला माल वाट्यावर देतात, पालक, मेथी तर विचारूच नका.

व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या लिंकांबद्दल वेगळं सांगायला नको पण सांगते, कारण आमच्याच सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलीच. 'वर्धापन दिनानिमित्त दोन हजारांचं किराणा व्हाउचर, दहा जणांना फॉरवर्ड करा.' कुठलीच कंपनी असं फॉरवर्ड करायला सांगून व्हाउचर देत नाही. कॅशबॅक घ्यायला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला नाही. हे एक वाक्य घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पाठ करायला लावा. गेलेच पैसे तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन, जितका उशीर तितकी परत मिळायची आशा कमी.

सध्या वहीत नवीन पान मिरचीचं उघडलंय. भिवापुरी मिरची आपल्याच जिल्ह्यातली, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली, आणि मी इतकी वर्षं तिखटाचं पाकीट घेत होते, ते पण 'दोनवर एक फ्री' बघून. शेजारच्या वैनी आणि मी मिळून एक पोतं घ्यायचं ठरवतोय. कळमन्याच्या मार्केट यार्डात जाऊन भाव विचारायचा, देठ खुडायला कोण बसणार यावर मात्र अजून एकमत नाही. देठासकट आणि बिनदेठाची असा भावात फरक असतो म्हणतात, तो किती ते बघून मग ठरवू, आणि गिरणीवर कांडायचे पैसे धरून किलोला काय पडलं ते आलं की सांगते.